गैरहजर असणाऱ्यांची हजेरी

आपल्याकडे मस्टर म्हटलं की ऑफिसातलं सहीचं रजिस्टर. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या माणसाला मात्र २१ एप्रिल आठवतो, वर्षभरात गेलेल्या आपल्या माणसांची हजेरी घ्यायचा दिवस.

या विद्यापीठाच्या माणसाला ‘अ‍ॅगी’ म्हणतात, अ‍ॅग्रिकल्चरवरून. १८७६ साली सुरू झालेलं हे शेतकी आणि यांत्रिकी कॉलेज. पोरांना पूर्वी ‘फार्मर्स’ही म्हणत. गंमत म्हणजे १९४९पर्यंत इथल्या वार्षिकाचं नाव ‘लाँगहॉर्न’ होतं, म्हणजे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचं, कट्टर प्रतिस्पर्ध्यांचं नाव! मग ते ‘अ‍ॅगीलँड’ झालं. १९६३मध्ये कॉलेजचं विद्यापीठ झालं, तरी अ‍ॅगी अ‍ॅगीच राहिला. ‘माजी अ‍ॅगी’ असं मात्र चुकूनही म्हणू नये. माजी होतो तो विद्यार्थी, अ‍ॅगी नाही. नावापुढे बॅचच्या वर्षाचे दोन आकडे लावायचे, की ओळख पुरी. एमएसपुरती दोन वर्षं आलेली मराठी मुलं बिचकतात, ‘आम्ही खरे अ‍ॅगी का?’ अर्थातच.

मस्टरमधलं स्वागत, पाहुण्यांचं भाषण हे सगळं रीतसर होतं. जीव अडकतो तो हजेरीत. वर्षभरात गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारतात. नाव आलं की घरचं किंवा मित्रांपैकी कुणी ‘हिअर’ म्हणतं आणि एक मेणबत्ती लागते. १९४२च्या एप्रिलमध्ये फिलिपिन्समधल्या, जपानी वेढ्यातल्या कोरेगिडोर बेटावर अमेरिकी जनरल जॉर्ज मूर यांच्या अ‍ॅगींचं मस्टर गाजलं. दोन आठवड्यांत बेट पडलं.

गावोगावच्या छोट्या मस्टरमध्ये घोटाळे ठरलेले. ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजी यादीतून वाचणाऱ्याची जीभ पहिल्याच अक्षराला अडखळते. म्हणून घरच्यांना आधी फोन करून उच्चार देवनागरीत किंवा तोडून लिहून घ्यावा. दोन नावांत चार-पाच सेकंद थांबावं, नाहीतर रडू आवरत दिलेलं ‘हिअर’ पुढच्या नावाखाली दबतं. ज्याचं कुणीच येणार नाही, त्याचा ओ देणारा आदल्या दिवशीच ठरवावा. मेणबत्त्या एसीच्या झोताखाली नकोत, आणि दोन जास्तीच्या असाव्यात.

फुटबॉलच्या दिवशी मरून रंगाच्या टी-शर्टांनी पार्किंग भरतं. मस्टरला मागच्या तीन रांगा रिकाम्या. अशा न येणाऱ्यांना ‘टू पर्सेंटर’, म्हणजे परंपरा न पाळणाऱ्या दोन टक्क्यांतले, म्हणतात, आणि ते आम्ही मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणतो.

आता आभार, कुणी सुटू नये: यादी तपासणारी, उच्चार विचारणारे, खुर्च्या मांडणारे, माइकवाला, बार्बेक्यूच्या रांगेत शाकाहाऱ्यांचं ताट वेगळं झाकून ठेवणाऱ्या काकू, बिगुल वाजवणारा पोरगा आणि हो, काडेपेटी आठवणीनं आणणारा. तो दरवर्षी राहूनच जातो.