धक्के मारणारी बोट

अमेरिकेत आर्कान्सा नदीवर, नॉर्थ लिटल रॉकला ‘होगा’ नावाची टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी-ढकलणारी छोटी बोट, जतन करून ठेवली आहे. लांबी जेमतेम शंभर फूट. शेजारीच रेझरबॅक पाणबुडी असल्यामुळे हिच्या वाट्याला ओझरती नजरच येत असणार.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर बाँब पडले, तेव्हा हिला नौदलात येऊन वर्षही झालं नव्हतं. जळत्या ॲरिझोना युद्धनौकेला खेटून असलेली दुरुस्तीनौका व्हेस्टल हिने बाजूला ओढली. मग उथळात टेकलेली नेवाडा युद्धनौका. तिला आधी सोडवायचं, नंतर पलीकडच्या काठाला नीट रुतवायचं, नाहीतर बंदराची वाट अडायची. वर तिच्या आगीवर पाणी मारणं आलंच.

खरी गंमत मात्र इंजिनघरात आहे. डिझेल इंजिन बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला थेट जोडलेलं नाही. ते जनरेटर फिरवतं, त्या विजेवर मोटर चालते आणि मोटर पंखा फिरवते. त्या काळच्या थेट जोडलेल्या इंजिनाला उलटं जायचं तर ते थांबवून, दाबाची हवा सोडून उलट दिशेने चालू करावं लागे. टगचं कामच मागेपुढे करण्याचं. चारदोन फेऱ्यांत टाकीतली हवा उतरली की आली पंचाईत. इथे मोटरची दिशा बदलली की भागतं, इंजिन आपलं एका चालीत.

१९४८ पासून चार दशकांहून जास्त काळ ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला अग्निशामक बोट होती. नदीवर आली २०१५ मध्ये. अशा बोटींचं चालतेपणी जेवढं नुकसान होत नाही, तेवढं बसल्याजागी होतं. बाहेरून रंग चकाचक, आणि आत तळाशी साठलेलं पावसाचं पाणी पत्रा खातंय. जाडी अल्ट्रासाउंडने मोजतात, पण आधी तेवढी जागा खरवडून घ्यावी लागते. गंजाच्या पापुड्यावरून घेतलेला आकडा भरवशाचा नसतो. पाणरेषेचा पट्टा सगळ्यात आधी तपासावा, तिथे पाणी आणि हवा दोन्ही लागतात.

समुद्रात पोलादाऐवजी झिजायला जस्ताचे ठोकळे लावतात. गोड्या पाण्यात ते जवळजवळ निकामी. पाण्यातून वीज नीट वाहत नाही, शिवाय जस्तावर थर चढून झिजणंच थांबतं. तिथे मॅग्नेशियमचे ठोकळे हवेत. आणि रंगकामाच्या उत्साहात त्यांच्यावरही ब्रश फिरला, तर ते असून नसल्यासारखेच.