बेळगाव ते जुने गोवे : सर्वांत मागून चालताना

नोव्हेंबर संपत आला की बेळगाव-खानापूर भागातली आम्ही कॅथॉलिक माणसं पायी गोव्याला निघतो. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त, म्हणजे त्यांचा सण. त्याआधी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बासिलिकेत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, पोहोचायचं. वाट जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटाची, शंभर किलोमीटरच्या आसपास.

यंदा गटाच्या शेवटी चालायचं काम माझ्याकडे होतं. अंगात चमकणारं जाकीट, हातात बॅटरी, खांद्याला औषधांची पिशवी. आपल्या मागं कुणी राहता कामा नये, एवढाच नियम.

किणयेपर्यंत सगळे जोरात असतात. जपमाळेच्या प्रार्थनेचा आवाज पुढून मागं नीट ऐकू येतो, पोरं तर पळतच सुटतात. पाय बोलायला लागतात ते नंतर. कुसमळीला मलप्रभेच्या पुलापाशी एक मावशी कठड्याला टेकून बसल्या. "तुम्ही व्हा पुढं, मी येते सावकाश." असं म्हणणाऱ्या माणसाला कधीही एकटं सोडू नये. त्याला सोबत हवी असते, मागायचा संकोच वाटत असतो.

टाचेला रुपयाएवढा फोड. सुई स्पिरिटनं पुसली, कडेला टोचून पाणी काढलं, वरची कातडी तशीच राहू दिली, मलम लावून कापसाची घडी बांधली. मोज्याची शिवण बोटांनाही घासत होती, म्हणून मोजा उलटा करून घातला. या सगळ्यात पुढचा गट वळणाआड गेला.

मला बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला याईर आठवला. त्याची लेक मरायला टेकलीय, येशू त्याच्यासोबत निघालाय, आणि गर्दीत बारा वर्षं रक्तस्रावानं गांजलेली एक बाई येशूच्या वस्त्राला शिवते. येशू थांबतो. ती बरी झालेलीच आहे, तरी तो तिला शोधतो, तिचं सगळं ऐकून घेतो. ते चालू असतानाच याईराला निरोप येतो की मुलगी गेली. पुढं ती उठते हे आपल्याला ठाऊक आहे, पण त्या क्षणी त्या बापाला ठाऊक नव्हतं. एकासाठी थांबलं की दुसऱ्याला ताटकळावं लागतं. मदतीतला हा अवघड भाग आपण प्रवचनातून फार लवकर ओलांडतो. येशूनं मात्र घाईचं कारण समोर उभं असताना त्या बाईला वेळ दिला.

आमट्याच्या अलीकडे रस्त्यालगत भाताची मळणी चालली होती. खळ्यावरच्या आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ. मावशींचं लंगडणं बघून त्यांनीच हाक मारली, "या, बसा की वो. आमीबी पंढरीला चालत जातो, पायाचं म्हाईत हाय आमास्नी." सूनबाईंनी मीठ घालून कोमट पाणी आणलं, मावशींनी चांगला पाय त्यात सोडला. चहा झाला. आम्ही कुठल्या देवाला निघालोय हे त्यांनी चहानंतर विचारलं, तेही कौतुकानं. गाडीतून या रस्त्यानं जाताना हे खळं दिसलंही नसतं.

कणकुंबीला पोहोचलो तेव्हा बाकीचे जेवून आडवे झाले होते. मागं राहिलेल्यांसाठी गाडी पाठवून द्यावी, म्हणजे सगळे वेळेत पोहोचतील, असं काहींचं म्हणणं पडलं. त्यात चूक काही नाही. आजारी माणसाला गाडीत बसवलंच पाहिजे. पण मावशींना चालायचं होतं आणि त्या चालू शकत होत्या. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा इस्पितळात रुग्णांजवळ राहिले, तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला गेले. त्यांच्याच दर्शनाला जाताना सोबतचं माणूस मागं पडावं, हे मला मुळीच पटत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं.

बरीच चर्चा झाली. शेवटी सकाळी चोर्ला घाटाकडे निघताना क्रूस धरणाऱ्या मुलाच्या शेजारी मावशींना उभं केलं. त्यांची चाल ती सगळ्यांची चाल. पहिला तासभर पोरं चुळबुळत होती, मग उताराला लागल्यावर त्यांच्यातल्याच दोघांनी मावशींची पिशवी आळीपाळीनं घेतली. साखळीला जिथं जेवणाची सोय होती, त्या घरी फोन करून कळवलं की आम्हाला यायला दोन तास उशीर होईल.