कऱ्हेच्या काठाने गराडे ते सोनगाव: नाझरे धरणाखालच्या पात्रात उतरू नका

आधी मुद्द्याचं सांगतो, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. पुणे जिल्ह्यात नाझरे धरणाच्या खालून मोरगावपर्यंत कऱ्हा नदीच्या पात्रातून चालत जायचं डोक्यात असेल तर तो विचार सोडून द्या. जानेवारीत मी आणि माझा मावसभाऊ गेलो होतो, चार दिवसांचा प्लॅन होता, आणि त्या एका दिवसाने बाकीचे तीन दिवस खाऊन टाकले. मोबाईलवरच्या नकाशात कऱ्हा गराड्यापासून थेट नीरा नदीपर्यंत एकसलग निळी रेघ दिसते, काठाला पायवाटेच्या तुटक रेघापण दिसतात. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला. तुम्ही ठेवू नका.

पहिले दोन दिवस पटकन सांगतो कारण तिथे कुणाला सल्ल्याची गरज नाही. गराडे धरणाच्या वरच्या डोंगरात उगम. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि नदी निघाली अशी गोष्ट तिकडे सगळे सांगतात, करा म्हणजे कमंडलू, म्हणून कऱ्हा. सासवडला चांगावटेश्वर आणि संगमेश्वर दोन्ही देवळं बघा, संगमेश्वराजवळ चांबळी नदी येऊन मिळते. तिथून जेजुरी रस्त्याने सतरा-अठरा किलोमीटर, आम्ही जमेल तिथे पाणंदीने गेलो. अंजीर-सीताफळाच्या बागा, वाटेत एकांनी हुरडा खायला थांबवलं, मजा आली. फक्त शनिवारी मुक्कामाला जेजुरीत पोचू नका, रविवार खंडोबाचा वार, खोल्यांचे भाव दुप्पट. आणि सोमवती अमावस्या तर कॅलेंडरमध्ये आधीच बघून टाळा, त्या दिवशी खंडोबाची पालखी कऱ्हास्नानाला नदीवर येते आणि गावात पाय ठेवायला जागा नसते. दर्शनालाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता तिसरा दिवस. नाझरे धरण म्हणजे मल्हारसागर, जेजुरीच्या अगदी जवळ. कऱ्हेच्या उत्तरेला दिवे घाट, मल्हारगड, भुलेश्वर ही डोंगररांग आणि दक्षिणेला पुरंदरची रांग, या दोघींच्या मधलं पाणी गोळा होत येतं ते इथे अडतं. त्यात हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख, पाऊस पडतो तो उगमाकडच्या डोंगरात, खाली येईल तसा कमी होत जातो. त्यामुळे पावसाळा संपून दोन-तीन महिने झाले की धरणाखाली वाहती नदी अशी उरतच नाही. केटी बंधाऱ्याच्या (कोल्हापूर पद्धतीचा छोटा बंधारा) मागे बर्गे, म्हणजे फळ्या, टाकून अडवलेला हिरवा डोह, मग कोरडं पात्र, मग परत डोह. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही सकाळीच डांबरी रस्ता धरला असता.

कोरडं पात्र म्हणजे वाळूत आरामात चालू असं वाटलं होतं. वाळू उरलीच नाहीये, उपसून नेलीये, पुरुषभर खोल खड्डे पडलेत आणि त्यांच्या कडेकडेने वेडी बाभूळ माजलीये. ती साधी बाभूळ नाही, झुडूप जमिनीपासूनच फुटतं आणि फांद्या एकमेकांत अशा गुंततात की वाकूनही जाता येत नाही, सरपटत जावं लागतं. काटा बुटाच्या तळव्यातून थेट आत जातो, चांगले ट्रेकिंगचे बूट होते माझे, तरी दोनदा गेला. चार किलोमीटरला साडेपाच तास लागले. दंडावर, मानेवर ओरखडे. एका ठिकाणी बंधाऱ्यावरून पलीकडे जायचं ठरवलं तर मधली भिंत वाहून गेलेली, परत मागे. तिथे शेळ्या चारणारे एक आजोबा भेटले, म्हणाले, "पाव्हणं, आम्ही जल्मात या नदीतनं चाललो न्हाय, वरनं रस्ता हाय की." त्यांनीच 2019 च्या सप्टेंबरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून दाखवलं. त्या रात्री पुरंदरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाझऱ्यातून प्रचंड पाणी सुटलं आणि खाली बारामतीत नदीकाठची वस्ती हलवावी लागली. म्हणजे जानेवारीत घोटभर पाणी नाही ती नदी एका रात्रीत शेतं कापून नेते. पावसाळ्यात, परतीच्या पावसात तर खासकरून, पात्रात तंबू टाकायचा नाही, वर आभाळ निरभ्र असलं तरीही.

पांडेश्वरला पोचेपर्यंत अंधार पडला. देऊळ जुनं, शिखर विटांचं, पण खरं सांगतो, त्या वेळी मला काही दिसत नव्हतं, पाय ठणकत होता. मोरगावला जायला एक जीपवाला मिळाला, त्याने सहाशे रुपये मागितले आणि आम्ही दिले. दुसऱ्या दिवशी हॉटेलात विचारलं तर दीडशेच्या वर कुणी देत नाही म्हणे. अडलेल्या माणसाकडून असे पैसे घेणं मला अजून खटकतंय. तुम्ही उजेडात पोचा आणि भाव आधी ठरवा.

करायचं काय, तर जेजुरी-मोरगाव रस्ता धरा, सतरा किलोमीटर, आणि फाट्याफाट्याने नदीवर उतरून परत वर या. नाझऱ्याची भिंत, पांडेश्वर आणि मोरगावचा घाट, एवढं पुरे. चिमटा आणि सुई जवळ ठेवा. डोहाचं पाणी फिल्टर करूनसुद्धा पिऊ नका, या भागात शेतीला पाणी उचलून आणणाऱ्या पुरंदर उपसा योजनेचं पाणी त्यात असू शकतं, ते मुळा-मुठेतून येतं आणि पुण्याचं सांडपाणी त्यात असतं.

मोरगाव ते बारामती पस्तीस किलोमीटर आम्ही एसटीने गेलो, आणि त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. खिडकीतून बघा मात्र. बारामती येईपर्यंत दोन्ही बाजूला जिरायत, ज्वारी, हरभरा, उघडी माळरानं, आणि नीरा डाव्या कालव्याची रेघ ओलांडली की एकदम ऊस. इंग्रजांच्या काळातला कालवा, 1885 च्या आसपासचा. एका बाजूला टँकरची वाट बघणारी गावं, दुसऱ्या बाजूला गुडघाभर चिखल, आणि मधे अंतर किती तर एका कालव्याच्या रुंदीचं. कऱ्हेचा भूगोल मला त्या पाच मिनिटांत कळला, पात्रातल्या साडेपाच तासांत नाही. कालव्याचं झिरपलेलं पाणी मिळून कऱ्हा खाली परत ओली होते, काठ हिरवे होतात.

सोनगावला सोनेश्वराच्या देवळापाशी कऱ्हा नीरेला मिळते. आम्ही दोघं तिथे बूट काढून तासभर बसलो, तळवा सुजलेला होता तरी उठवत नव्हतं. एवढी अडवलेली, उपसलेली, काट्यांनी भरलेली नदी शेवटी पोचते, आणि आपण ती पोचताना बघतोय, याने मला खरंच भरून आलं होतं. तुम्ही जाणार असाल तर दुपारी तीनच्या आत पोचा, परतीच्या गाडीची वेळ बारामती स्टँडवर निघतानाच विचारून घ्या, संध्याकाळी तिथून वाहन मिळायची मारामार आहे.