शनिवार, दिंडोरीकडचा गोठा

रात्रीचे पावणेअकरा. पहाटे चारला उठले ती अजून टेकलेली नाही. तरी लिहून ठेवते, नाहीतर उद्या धारा काढता काढता निम्मं विसरेन.

आज नानांना, म्हणजे सासऱ्यांना, घेऊन दिंडोरीकडच्या एका गोठ्यावर गेले होते. दुग्धव्यवसायाच्या भविष्यावर खुला दिवस होता. कुणीही यावं, गोठा बघावा, काय विचारायचं ते विचारावं, जेवण त्यांच्याकडे. खरं तर ह्यांनी जायचं ठरलं होतं. पण संध्याकाळी पाचला धारेला कुणीतरी घरी लागतंच, आणि हे म्हणाले, "धारेचं मशीन घ्यायचं तुझ्या डोक्यात आहे, तूच बघून ये." आम्ही दोघं एकदम घराबाहेर पडतो ते लग्नाला नाहीतर मयताला. लग्नातही अक्षता पडल्या की पंगतीला न थांबता पळ.

सिन्नरहून निघून नाशकात द्वारका चौकात अर्धा तास अडकलो. पुढे दिंडोरी रोडला द्राक्षांच्या क्रेटने भरलेल्या पिकअपच्या मागे मागे. नाना सगळी वाट गप्प होते.

गोठ्यात शिरल्या शिरल्या त्यांनी पहिला प्रश्न केला, "दावण कुठंय?" दावण नव्हतीच. साठेक गायी, सगळ्या एचएफ, म्हणजे होल्स्टीन या जास्त दुधाच्या विदेशी जातीच्या, मोकळ्या. एक बसून रवंथ करतेय, एक खांबाला लावलेल्या ब्रशला पाठ घासतेय, दोघी पाण्याच्या टाकीवर. मुक्त गोठ्याचे व्हिडिओ मी पाहिलेत, पण व्हिडिओत तो आवाज येत नाही. म्हणजे खरं तर आवाज नसतो तो. आमच्याकडे सात गायी असून पेंडीची पाटी हातात दिसली की साखळ्यांचा नि हंबरण्याचा कल्ला उठतो. इथं साठ असून शांत.

मग मुरघास, हवाबंद आंबवून टिकवलेला चारा. मका दाणा चिकात असताना तोडायचा, कुट्टी करून खड्ड्यात नाहीतर बॅगेत दाबून भरायचा, हवा राहू द्यायची नाही आणि पंचेचाळीस दिवस तोंड उघडायचं नाही. हे पाठ आहे मला. गेल्या वर्षी आमची एक बॅग उंदरांनी कुरतडली, आत हवा गेली आणि अर्धी काळी पडून उकिरड्यावर गेली. त्यांच्या खड्ड्यातला मूठभर उचलून दाबला. हाताला पाणी सुटलं नाही, रंग पिवळसर हिरवा, वास आंबटगोड. दुपारी जेवताना वरणभाताच्या घासाला तोच वास येत होता.

मांडवात मोठ्या पडद्यावर रोबोट दाखवला. गाय आपल्या पायांनी आत जाते, यंत्र सड धुतं, कप लावतं, धार झाली की गाय बाहेर. नेदरलँडमध्ये १९९२ पासून हे चालू आहे म्हणे, म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीपासून. मागून एक बाई म्हणाली, "आणि लाइट गेली की?" मांडव हसला. सांगणाराही हसला, उत्तर मात्र त्याने दिलं नाही.

गळ्यातल्या पट्ट्याचं मला पटलं. गाय माजावर आली की मोबाइलवर निरोप येतो. नाना कानात म्हणाले, "रात्री हंबरली की कळतं, त्याला पट्टा कशाला?" कळायचं, नाना, तुम्हाला ऐकू यायचं तेव्हा. आता आम्ही दोघं मेल्यासारखे झोपतो. दिवाळीत आमच्या चांदणी गायीचा माज दोनदा हुकला. माज येतो एकवीस दिवसांनी. एकवीस दुणे बेचाळीस दिवस फुकट खाऊ घातलं तिला. आहे पट्ट्याचा उपयोग, उगाच नाही म्हणायचं नाही.

प्रश्नोत्तरांत रंग भरला तो निफाडकडच्या एका तरुणामुळे. त्याने साधंच विचारलं, "एचएफला गोऱ्हा झाला तर काय करायचं?" जनावरांचे डॉक्टर म्हणाले, लिंग निश्चित केलेलं वीर्य वापरा, शंभरात नव्वद कालवडी, म्हणजे मादी वासरं, होतात. "आणि उरलेले दहा? आणि भाकड गायी?" डॉक्टरांनी चष्मा पुसला. गायीची नि वासरांची कत्तल आपल्याकडे १९७६ च्या कायद्यापासूनच बंद आहे, २०१५ पासून बैल नि वळूही त्यात आले. औताला ट्रॅक्टर आहे. एचएफचा गोऱ्हा तसाही उन्हात औत ओढत नाही. मग बाजार नाही, काम नाही आणि वैरण मात्र रोज. मांडवात प्रत्येकाच्या घरचा हा विषय, पण सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. आम्ही आमचे दोन गोऱ्हे कसे वाटेला लावले ते मी इथंसुद्धा लिहिणार नाही.

दराचं कुणीतरी काढणारच होतं. पडद्यावर २०३० आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यात या दहा दिवसांचा दुधाचा पगार. २०२४ ला दर पडले तेव्हा सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, पुढे ते ७ केलं. त्यासाठी गायीच्या कानातला बिल्ला नोंदवलेला हवा होता. आमच्या सोनीचा बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून कानासकट फाटलेला. तिच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सगळं बरोबर लागायचं, पण अनुदानाच्या दृष्टीने ती गाय जगातच नव्हती.

जेवणानंतर नाना सापडेनात. शोधलं तर पाण्याच्या टाकीपाशी उभे. तिथल्या गड्याला विचारत होते, गाय दिवसातून किती वेळा येते पाण्यावर? तो म्हणाला, "मोजलं नाही बाबा, पण येतच राहती. एक लिटर दुधाला चार-पाच लिटर पाणी लागतं तिला." नानांनी माझ्याकडे पाहिलं. सोनी पंधरा लिटर देते. म्हणजे साठ-सत्तर लिटर, उन्हाळ्यात आणखी. आम्ही पाणी दाखवतो सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दुपारी दाखवत नाही, कारण माणूस नसतं. मी सरकीचं पोतं बदललं, गोळी पेंड बदलली, मिनरल मिक्श्चर आणलं, डॉक्टर बोलावला. दूध वाढेना म्हणून मशीनचे सत्तर हजार मनात मांडून बसले. दुधात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं हे शाळेतल्या पोराला माहीत आहे.

परतीच्या वाटेवर नाना बोलायला लागले. त्यांच्या मामाकडे, इगतपुरीला डांगी गायी होत्या. भर पावसात, भातखाचराच्या बांधावर चरायच्या, अंगावरून पाणी तेल लावल्यासारखं निथळायचं. दूध तांब्याभर. "पण तहान लागली की ओढ्यावर जायची. कुणाला विचारायची नाही," म्हणाले. मग म्हसरुळ येईपर्यंत पुन्हा गप्प.

घरी आलो तर ह्यांच्या धारा उरकलेल्या. मशीनचं काय ठरलं विचारलं. मी म्हटलं, आधी द्राक्षाच्या फवारणीची ती जुनी निळी टाकी कापून द्या.

रात्री नऊला कापलेली टाकी गोठ्याच्या तोंडाशी ठेवली, पाइप सोडला आणि सोनीचं दावं सोडलं. ती हललीच नाही. मान खाली घालून खुंटीकडे बघत उभी. पाठीवर थाप मारली, ढकललं, तशी चार पावलं आली, टाकी हुंगली, मागे सरली. प्लॅस्टिकला औषधाचा वास असणार. मग निरम्याने दोनदा घासली, पुन्हा भरली. तेव्हा प्यायली. कानापाशी घोटाघोटाचा आवाज येत होता, मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबली आणि परत तोंड घातलं. नाना बॅटरी धरून उभे होते. टाकी चार बोटं खाली गेली.

रविवार, सकाळ. पावतीवर सोनीचं दूध काल होतं तितकंच. एका रात्रीत काय होणार. रात्री मोकळ्या सुटलेल्या तिने परसातला सगळा मेथीघास मात्र खाल्ला.