साध्या कागदावरचे नाव

रविवार, रात्री

आज दुपारी स्वमदत गटाच्या बैठकीत माझ्या धाकट्या भावाने एका साध्या कागदावर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून नाव लिहिले, आणि ते नाव माझे नव्हते. गटातल्याच एका मित्राचे नाव त्याने लिहिले. हा मित्रही स्किझोफ्रेनियातून सावरलेला आहे, छापखान्यात काम करतो आणि बैठकीत सहसा सर्वांत शेवटी बोलतो. मला वाईट वाटले. बैठक संपल्यावर घरी येईपर्यंत मी त्याबद्दल काहीच विचारले नाही, जेवणे झाल्यावर विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ताई, तू माझी फार काळजी घेतेस. पण मी बिघडलो की तू घाबरतेस, आणि घाबरलेला माणूस आधी मला दवाखान्यात घालायचेच बघतो. तो घाबरणार नाही, कारण त्याने हे सगळे स्वतः भोगले आहे."

हे नाव म्हणजे केवळ औपचारिकता नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ प्रमाणे कोणत्याही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमता येतो. कोणाला नेमलेच नसेल, तर तो अधिकार आपसूक नातेवाइकांकडे येतो. आजारपणात स्वतःचा निर्णय घेण्याची क्षमता काही काळ क्षीण झाली, तर हाच प्रतिनिधी डॉक्टरांशी बोलतो, उपचारांची माहिती मागतो, आणि कलम ८९ खाली रुग्णाला त्याच्या संमतीविना दाखल करून घेण्याचा अर्जही तोच करू शकतो. त्या अर्जावर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते आणि दाखल करण्याची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, हे खरे. तरीही दाराची कडी कोणाच्या हाती द्यायची, हे ठरवण्याचा हक्क पहिल्यांदाच आजारी माणसाला मिळाला आहे. माझ्या भावाने तो शांतपणे, पूर्ण विचाराने वापरला. जो कायदा यावा म्हणून आम्ही नातेवाईकसुद्धा सभांमधून बोलत होतो, तो आपल्याच घरात असा लागू झाल्यावर मला टोचावा, याचा मी रात्रभर विचार करणार आहे.

त्याला पहिल्यांदा दाखल केले, तेव्हा १९८७ चा कायदा होता. नातेवाइकाने अर्ज करायचा, डॉक्टरांची प्रमाणपत्रे जोडायची, की ९० दिवसांपर्यंत रुग्णाला ठेवता येत असे. लग्नाला जायचे आहे असे सांगून वडिलांनी त्याला गाडीत बसवले आणि एका खासगी रुग्णालयात नेले. त्या काळी सगळीच घरे असेच करीत, आणि वडिलांपुढे दुसरा मार्ग कोणी ठेवलाही नव्हता. तिथे गेल्यावर चौघांनी धरून त्याला इंजेक्शन दिले आणि "स्वतःला इजा करील" म्हणून त्याचा चष्मा काढून घेतला. त्याचा नंबर मोठा आहे. ज्या माणसाला त्या दिवसांत सगळेच चेहरे परके आणि संशयास्पद वाटत होते, त्याला समोरचा चेहरा दिसेनासाच केला गेला. परिचारिका बोलत आहे की आपल्या डोक्यातला आवाज, हे ओठांकडे पाहून ताडून घेण्याची त्याची युक्ती होती, तीही गेली. हे त्याने आम्हाला कितीतरी वर्षांनी सांगितले.

म्हणून आज त्याने प्रतिनिधीच्या नावाबरोबरच आगाऊ निर्देशही लिहायला घेतले. कलम ५ प्रमाणे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे माणसाला बरे असतानाच लिहून ठेवता येते. त्याचा मसुदा माझ्यासमोर आहे. ज्या औषधाने त्याची जीभ जड होऊन मान एका बाजूला वळली होती, ते औषध पुन्हा देऊ नये, हे पहिल्या ओळीत आहे. इंजेक्शन द्यायचे असेल तर आधी तसे सांगावे आणि दंड पुढे करायला दोन मिनिटे द्यावीत, हे दुसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीत एवढेच आहे: "माझा चष्मा माझ्याकडेच असावा." तातडीच्या उपचारांत असा निर्देश डॉक्टरांवर बंधनकारक राहत नाही, हे मी त्याला सांगितले. त्याला ते आधीच माहीत होते.

आमच्या चळवळीत एक जुना ताण आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एका बाजूला आम्ही शुभंकर, म्हणजे घरातल्या आजारी माणसाची काळजी वाहणारे. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारातून जे शिकले, त्यातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत बोलण्याचा धीर आमच्यासारख्या कितीतरी कुटुंबांना त्या कामातून मिळाला. दुसऱ्या बाजूला शुभार्थी, म्हणजे स्वतः त्रास भोगलेली माणसे आहेत. पुण्यातच बापू ट्रस्ट उभारणाऱ्या दिवंगत भार्गवी दावर यांनी आयुष्यभर मांडले की संमतीविना उपचार हा उपचारच नव्हे, आणि भारताने २००७ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराशी कलम ८९ विसंगत आहे. मी त्यांच्याशी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. ज्या रात्री भाऊ गच्चीच्या कठड्यावर उभा होता, त्या रात्री त्याची संमती मागत बसणे मला शक्य नव्हते. पण त्यांचे म्हणणे बाजूलाही सारता येत नाही, कारण आम्ही शुभंकर जेव्हा "त्याच्या भल्यासाठी" म्हणतो, तेव्हा त्यात आमची झोप, आमची अब्रू आणि आमचा थकवाही मिसळलेला असतो.

आणि कुटुंबांवर सगळे सोपवण्याचा शेवट काय होतो, हे राज्यातल्या येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत दिसते. बरी झालेली, घरी जाण्यास योग्य ठरलेली माणसे तिथेच वर्षानुवर्षे राहतात, कारण न्यायला कोणी येत नाही. ठाण्याच्या रुग्णालयात अशी अडकून पडलेली एक स्त्री मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेचे निमित्त ठरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने राज्याकडे या कायद्याच्या अंमलबजावणीचा हिशेब मागितला. २०२१ मध्ये, बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत हलवण्याची महाराष्ट्रातली पद्धत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले होते. उपचार पूर्ण झालेल्या माणसाला ठेवायला सरकारला भिक्षेकरीगृहच सुचावे, याचा मला आजही संताप येतो. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला झोपडीत साखळदंडाने बांधलेली पंचवीसहून अधिक माणसे आगीत जळून मेली, तेव्हा सारा देश हळहळला होता. साखळीने बांधणे आता कायद्याने बंद आहे. पण जायला जागाच नसणे ही साखळी कोणत्या कलमाने तोडायची?

सेवा नाहीतच, असे नाही. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस या सरकारी समुपदेशन दूरध्वनीची सेवा चोवीस तास आणि मराठीतही मिळते. गटातल्या एका आईने रात्री तिथे फोन केला आणि पलीकडच्या मुलीने पहाटेपर्यंत तिला धीर दिला, हे तिने आज सगळ्यांना सांगितले. गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने तर दाखवून दिले आहे की नीट प्रशिक्षण दिले तर गावातली साधी माणसेही नैराश्यावर परिणामकारक समुपदेशन करू शकतात. परंतु राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या विकारांसाठी उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते, आणि त्या पाहणीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. फोनवरचा आवाज रात्र काढून देतो. दुसऱ्या दिवशी जायला दिवसाचे केंद्र हवे, हाताला काम हवे, आणि घर तुटले असेल तर राहायला निमवाटेचे घर, म्हणजे रुग्णालय आणि स्वतःचे घर यांच्या मधला निवारा, हवे. या तीन गोष्टी आमच्या जिल्ह्यात शोधाव्या लागतात.

उद्या भावाच्या कागदाच्या तीन प्रती काढायच्या आहेत: एक त्याच्या डॉक्टरांकडे, एक त्या मित्राकडे, एक माझ्याकडे. मित्राला घरी जेवायला बोलावले आहे, कारण भावाची झोप कमी होऊ लागली की पहिल्या दोन दिवसांत काय दिसते, हे मला जितके ठाऊक आहे तितके त्याला अजून ठाऊक नाही, आणि ते त्याला सांगणे हे आता माझे काम आहे. आगाऊ निर्देशाची नोंद या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे कशी करायची, हे विचारायला आम्ही तिघे जाणार आहोत. त्याच फेरीत गटाचे निवेदनही द्यायचे आहे. त्यातली पहिली मागणी जिल्ह्यात निमवाटेचे घर सुरू करण्याची आहे, आणि दुसरी, जी आज भावाने सुचवली, ती अशी की त्या घराच्या देखरेख समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः शुभार्थी असावेत. मसुद्यात मी "शक्य असल्यास" असे लिहिले होते. त्याने ते दोन शब्द खोडले आहेत.