तुम्ही विचारलंत म्हणून : पुस्तक समोर असताना संगणक ‘नाही’ का म्हणतो?

ग्रंथालयात तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचे, काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, वाचक पुस्तकाचे नाव टाकतो. पडद्यावर ‘एकही नोंद आढळली नाही’ असे उमटते. आणि थोड्या वेळाने कपाटांमधून सहज फेरी मारताना तेच पुस्तक त्याच्या हाती लागते. मग ते मुद्देमालासारखे माझ्या टेबलावर येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो : “हे इथे आहे, तर तुमचा संगणक नाही का म्हणतो?” तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण ‘सर्व्हर बंद असेल’ हे उत्तर सोपे असले तरी बहुतेक वेळा खोटे असते.

संगणकाला पुस्तक कधीच दिसत नसते. त्याला दिसते ती पुस्तकाविषयी कोणीतरी करून ठेवलेली नोंद, आणि तुम्ही टाइप केलेली अक्षरे तो त्या नोंदीशी ताडून पाहतो. पूर्वी हीच नोंद सुमारे साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डावर असे. लेखक, शीर्षक आणि विषय यांनुसार एकाच पुस्तकाची तीन-चार कार्डे वेगवेगळ्या खणांत लावावी लागत. ते काम किचकट होते, जागा खाणारे होते, आणि त्याविषयी मला फारसा हळवेपणा नाही. पण खणाला एक गुण होता. लेखकाच्या आडनावातले एखादे अक्षर चुकले, तरी बोट बहुधा आसपासच पडे, आणि चार कार्डे मागेपुढे केली की हवे ते नाव डोळ्याला सापडे. पडद्यावरच्या शोधचौकटीला शेजार नसतो. काही प्रणाली ‘तुम्हाला हे म्हणायचे आहे का?’ असे विचारतात खऱ्या, पण सगळ्या नाही, आणि ज्या विचारतात त्याही फक्त आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांपुरत्याच.

कार्डावरचा मजकूर यंत्राला समजावा म्हणून त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला क्रमांक देण्याची पद्धत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. त्या संगणक-प्रोग्रामर होत्या. ग्रंथपालांच्या व्यवसायात त्या बाहेरून आल्या आणि त्याचा पायाच बदलून गेल्या. १९६६ मध्ये १६ ग्रंथालयांबरोबर प्रयोग सुरू झाला आणि १९६९ पासून ‘मार्क’ नावाच्या या नोंदी चुंबकीय फितींवरून ग्रंथालयांना नियमित मिळू लागल्या. लेखकाचे नाव १०० या क्षेत्रात, शीर्षक २४५ मध्ये, विषय ६५० मध्ये, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, ०२० मध्ये. नोंदीच्या आरंभी २४ अक्षरांचा एक शीर्षभाग असतो आणि त्यातल्या पहिल्या ५ अंकांत संपूर्ण नोंदीची लांबी लिहिलेली असते, त्यामुळे एक नोंद ९९,९९९ अक्षरांच्या पुढे जाऊच शकत नाही. फितीसाठी आखलेली ही चौकट आजही असंख्य ग्रंथालयांच्या चकचकीत पडद्यांमागे तशीच काम करते आहे.

या चौकटीत ‘नाही’ कसे जन्माला येते, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. इंग्रजी शीर्षक ‘द’ने सुरू होत असेल, तर अकारविल्हे यादीत ते पुढच्या शब्दाखाली लागावे, म्हणून २४५ या क्षेत्राला जोडून एक आकडा देतात : सुरुवातीची किती अक्षरे वगळायची. ‘द’ची इंग्रजीतली तीन अक्षरे आणि त्यानंतरची मोकळी जागा मिळून ४. एका दुपारी लागोपाठ बरीच पुस्तके ‘द’ने सुरू होणारी आली, बोटांना ४ ची सवय लागली, आणि ‘थिअरी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या एका पुस्तकालाही मी ४ च दिला. संगणकाने ‘थिअरी’ची पहिली चार अक्षरे निमूटपणे गिळली आणि ते पुस्तक ‘टी’ऐवजी ‘आर’खाली नेऊन बसवले. नोंद उघडली तर सगळे बरोबर दिसे. शब्दाने शोधले तर पुस्तक सापडे. शीर्षकांची यादी चाळणाऱ्याला मात्र ते कधीच भेटत नसे. ही चूक पकडली ती एका वाचकाने, मी नव्हे.

त्याहून मोठा घोळ नावांचा आणि लिपींचा. एकाच रशियन लेखकाला कोणी चेखव लिहितो, कोणी चेखॉव्ह, कोणी चेकॉव्ह. रोमन लिपीत तर इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन वळणांनी आणखी रूपे होतात. यावर उपाय म्हणजे प्रमाणित नावांची वेगळी फाइल : एक रूप अधिकृत ठरवायचे आणि बाकीची सगळी त्याकडे वळवायची. तालिकेचा खरा कणा हाच आहे असे मला वाटते, आणि खर्चकपातीत पहिली कात्री यालाच लागते. देवनागरी पुस्तकांची अडचण निराळी. जुन्या प्रणालींना आपली लिपी येत नसल्यामुळे शीर्षके रोमनमध्ये, वर-खाली खुणा देऊन भरली गेली. खुणा काढून टाकल्या की ‘कृष्ण’चे ‘के-आर-एस-एन-ए’ उरते. वाचक टाकतो ‘के-आर-आय-एस-एच-एन-ए’. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि उत्तर शून्य. मूळ लिपीतले शीर्षक जोडून ठेवायला मार्कमध्ये ८८० हे क्षेत्र आहे, परंतु जुन्या नोंदींत ते कोणीतरी बसून भरावे लागते.

जुन्या नोंदी म्हटल्या की आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कार्डांवरून संगणकात नोंदी उतरवताना पुस्तक हातात घेऊन कोणी बसले नव्हते. कार्डावर जे होते तेच टाइप झाले, संक्षेप आणि चुकांसकट. ज्या कार्डाचा खण त्या दिवशी राहून गेला, ते पुस्तक संगणकाच्या लेखी अजून ग्रंथालयात आलेलेच नाही.

सहकारी तालिकीकरणाने श्रम वाचवले, यात शंका नाही. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ॲल्डन ग्रंथालयाने ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेच्या सामायिक तालिकेत पहिल्याच दिवशी १३३ पुस्तकांचे तालिकीकरण केले. त्याच ओसीएलसीने १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटची छापील कार्डे काढली आणि तो धंदा बंद केला. एकाने केलेली नोंद हजारांनी उतरवून घ्यायची, हे तत्त्व उत्तमच. फक्त एकाची चूकही त्याच वाटेने हजारांकडे जाते.

उलटा प्रकारही घडतो : पडद्यावर ‘उपलब्ध’, आणि कपाटात जागा रिकामी. पुस्तकाची नोंद आणि त्याच्या एकेका प्रतीची नोंद संगणकात वेगळी असते. ‘उपलब्ध’चा अर्थ एवढाच, की त्या प्रतीचा बारकोड देवघेव विभागात कोणाच्या नावावर लागलेला नाही. कोणी ती प्रत वाचून भलत्याच कप्प्यात ठेवली असेल, तर पुढच्या ग्रंथपडताळणीपर्यंत संगणक शपथेवर सांगेल की ती जागेवर आहे.

भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सांगते, की वाचकाचा वेळ वाचवा. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडते ती शून्य उत्तर मिळालेल्या शोधांची यादी. त्यात वाचकांची नावे नसतात, फक्त त्यांनी टाकलेले शब्द असतात. दर सोमवारी मी ती वाचतो. एकच शब्द पाच-सहा वेळा दिसला, की तो विषयशीर्षकाकडे वळवणारा दुवा जोडतो. लेखकाचे नवे रूप दिसले, की ते नावांच्या फाइलीत घालतो. तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही पुस्तक घेऊन टेबलाशी याल, तेव्हा चौकटीत नेमके काय टाइप केले होते, तेही चिठ्ठीवर लिहून आणा. शब्द, लिपी, मधली मोकळी जागा, सगळे जसेच्या तसे. पुस्तकापेक्षा ती चिठ्ठी मला अधिक कामाची आहे.