पाचही वेळा २०.०२

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपने मायक्रोमीटर (मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत मापणारं उपकरण) तपासायला बोलावलं होतं. गिऱ्हाइकाकडून सहाशे पिना परत आल्या होत्या. ड्रॉइंगवर माप २० मिमी, फिट (मापात किती फरक चालेल ते) एच ७. म्हणजे जास्तीत जास्त २०.०००, कमीत कमी १९.९७९. गिऱ्हाइकाच्या पत्रात ‘नॉट अ‍ॅक्युरेट’, यांच्या उत्तरात ‘व्हेरी प्रिसाइज’. दोघंही खरंच बोलत होते: अ‍ॅक्युरेट म्हणजे खऱ्या मापाला धरून, प्रिसाइज म्हणजे दर वेळी तेच. मराठीत आपण दोन्हीला ‘अचूक’ म्हणून मोकळे होतो, म्हणून भांडण मिटेना.

“मापून बघा साहेब, रीडिंग इकडचं तिकडे होत नाही,” सुपरवायझर म्हणाले.

मायक्रोमीटर आणि २० ची स्लिप गेज (नेमक्या मापाचा पोलादी ठोकळा) तासभर एकाच सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाट पाटावर, ठेवली. प्रमाण तापमान २० अंश, शेडमध्ये ३५. सगळं पोलादच, त्यामुळे सारखंच फुगतं. पण हाताने तापलेला जॉब (मापायची वस्तू) आणि गार मायक्रोमीटर अशी जोडी जमली की मायक्रॉनचा घोळ होतो. अँव्हिल आणि स्पिंडल या मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांमध्ये कोरा कागद हलकेच धरून ओढला, तोंडं साफ झाली. मग मधे स्लिप, रॅचेटचे (दाब ठरावीक ठेवणाऱ्या फिरकीचे) तीन टक. २०.०२. पाचही वेळा २०.०२.

प्रिसाइज होताच तो मायक्रोमीटर. फक्त मिटवल्यावर शून्याऐवजी ०.०२ दाखवायचा, बहुधा कधीतरी हातून पडलेला. ऑपरेटर बिचारा १९.९९ वर ग्राइंडिंग थांबवी आणि पिन निघे १९.९७ ची. जाड राहिली असती तर पुन्हा मशीनवर चढवता आली असती, बारीक झालेलीला काय करणार?

कपाटात दुसरा मायक्रोमीटर होता, “बेभरवशाचा” म्हणून टाकलेला. त्याची रीडिंग १९.९८, २०.०१, २०.००, २०.०२, १९.९९. सरासरी बरोबर २०.००! पण एकेका पिनेवर सरासरीचा काय उपयोग? रॅचेट मोडलेलं, त्यामुळे थिंबल (फिरवायची नळी) हाताने आवळायचे. दाब दर वेळी वेगळा. (डिजिटलवर तीन दशांश दिसले म्हणून यातलं काहीच सुधारत नाही, हे तिथल्या तिथे सांगावं लागलं.)

माझ्या मते पहिला दुखणेकरी बरा. चूक ठरलेली, एकदाच काढायची. फक्त तोच जॉब त्याच मायक्रोमीटरने शंभरदा मापलात तरी ती दिसत नाही, मिटवून शून्य बघावं लागतं किंवा स्लिप लागते. चूक ०.०१ च्या आत असती तर पान्याने स्लीव्ह (आतली स्थिर नळी) फिरवून भागलं असतं. इथे थिंबल सैल करून शून्य लावलं. मग २.५, ५.१, ७.७, १०.३ अशा स्लिपांवर २५ पर्यंत तपासलं. ५, १०, १५ असे पूर्ण आकडे घेतले तर ०.५ च्या पिचमुळे (एका फेऱ्यात ०.५ मिमी सरकतं) थिंबल दर वेळी त्याच जागी थांबतं आणि एका फेऱ्यातला दोष लपून राहतो.

रिपोर्टमध्ये दोन रकाने केले. सुपरवायझरांनी वर पेन्सिलीने लिहिलं: ‘ढळ’ (खऱ्या मापापासून किती दूर) आणि ‘पसारा’ (रीडिंग आपसात किती वेगळी). पहिल्याचा ढळ ०.०२, पसारा शून्य.